ॲबॉलिशन आणि ॲनायहिलेशन : बाबासाहेबांनी कोणता शब्द कुठे वापरला?

"जात नष्ट करा असे तुमचेच बाबासाहेब सांगून गेले ना? मग दाखल्यावरची जात काढून टाका, आरक्षण बंद करा, जात आपोआप जाईल." कॉलेजात, नोकरीच्या ठिकाणी, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आपल्या तरुणांना हा प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याने ‘ॲनायहिलेशन ऑफ कास्ट’ हे नाव ऐकलेले असते, पुस्तक वाचलेले नसते. उत्तर देणाऱ्यानेही पुष्कळदा नावच ऐकलेले असते. मग वाद आरक्षणाच्या टक्केवारीवर घसरतो आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. बाबासाहेबांना जातीचे नेमके काय करायचे होते?

आमचे म्हणणे असे की हा सगळा घोळ एका शब्दात आहे. इंग्रजीत ॲबॉलिशन आणि ॲनायहिलेशन असे दोन शब्द आहेत. शब्दकोश उघडला तर दोन्हींसमोर ‘नष्ट करणे’ असा अर्थ सापडतो. पण इंग्रजी जाणणारा माणूस हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरत नाही, आणि बाबासाहेबांसारखा कायदेपंडित तर नाहीच नाही.

आधी वापर बघू. ॲबॉलिश हे क्रियापद प्रथा, पद, कर, हक्क, संस्था यांच्यासाठी येते. गुलामगिरी ॲबॉलिश होते, जमीनदारी होते, संस्थानिकांचे तनखे १९७१ साली झाले. या सगळ्या गोष्टींना कुठल्यातरी कायद्याची, सनदेची, दप्तराची मान्यता होती. ज्याने ती दिली किंवा ज्याच्या हाती सत्ता आली त्याने ती काढून घेतली. टेबल ॲबॉलिश करता येत नाही, डोंगर करता येत नाही, माणूसही नाही. ॲनायहिलेट हे क्रियापद लॅटिनमधल्या ‘निहिल’ म्हणजे ‘काहीच नाही’ या शब्दावरून आले. सैन्य ॲनायहिलेट होते, शहर होते. त्या गोष्टीचे अस्तित्वच उरत नाही, असा त्याचा भाव. तिथे मान्यता काढून घेण्याचा प्रश्नच येत नाही. शत्रूच्या सैन्याला आपण मान्यता दिलीच कुठे होती?

थोडक्यात, पहिल्या शब्दाला हुकूमनामा लागतो आणि दुसऱ्याला लढाई.

मराठीत मात्र हा फरक पार पुसला गेला. बाबासाहेबांच्या या ग्रंथाच्या नावासाठी कुणी ‘निर्मूलन’ वापरतो, कुणी ‘उच्चाटन’, कुणी ‘विध्वंसन’. संविधानाच्या अनुच्छेद १७ मध्ये इंग्रजीत ‘ॲबॉलिश्ड’ आहे, मराठीत अस्पृश्यता ‘नष्ट’ करण्यात आली आहे. म्हणजे संविधानानेही नष्ट केली आणि पुस्तकही नष्टच करायला सांगते. दोन्ही एकच, असा वाचकाचा समज झाला तर त्याला दोष कसा द्यायचा? त्यात ‘निर्मूलन’ या शब्दाची आपण दशा करून ठेवली आहे. शब्दात मूळ आहे, मुळासकट उपटणे आहे. पण महापालिकेचे अतिक्रमण निर्मूलन पथक येते, हातगाड्या उचलून नेते आणि संध्याकाळी त्याच कोपऱ्यावर वडापाव पुन्हा तळला जातो, तेही निर्मूलनच. हातगाडीवाल्याच्या पोटाबद्दल आम्हाला सहानुभूती आहे, तक्रार शब्दाबद्दल आहे.

ॲबॉलिशनसाठी खेड्यातल्या मराठीत एक चांगला शब्द होता : खालसा. वतन खालसा झाले, इनाम खालसा झाले, संस्थान खालसा झाले. कुणी दिले, कुणी काढून घेतले, हे त्या एका शब्दात कळते. आणि बाबासाहेबांनी हे क्रियापद कुठे वापरले हे बघायचे असेल तर वतन आणि खोतीपासूनच सुरुवात करावी लागते.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी १८७४च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. महार वतन म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. थोड्याशा जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात घरातल्या प्रत्येकाने रात्रंदिवस सरकारचे आणि गावाचे काम करायचे. निरोप पोहोचवायचे, खजिन्याबरोबर चालायचे, मेलेले जनावर ओढायचे. जमीन नावाला आमची, देह गावाचा. बाबासाहेबांना हे बंधन कायद्याने सोडवायचे होते : जमिनीवर पूर्ण सारा भरून ती मोकळी करून घ्यावी आणि काम घ्यायचे असेल तर त्याचा पगार द्यावा. विधेयक तेव्हा पार पडले नाही. वतने अखेर खालसा झाली ती १९५८च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. त्या कायद्याच्या इंग्रजी नावात ॲबॉलिशन हाच शब्द आहे.

खोतीचेही तसेच. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती पद्धत ॲबॉलिश करण्याचे विधेयक मुंबई विधानसभेत मांडले आणि १० जानेवारी १९३८ला कोकणातल्या कुळांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. कुळे कुणबी होती, आगरी होती, महार होती. चरीच्या शेतकऱ्यांचा १९३३ पासूनचा संप आणि नारायण नागू पाटलांचे काम त्यामागे होते. खोत हा सरकार आणि कूळ यांच्या मधला माणूस. त्याचा हक्क सरकारी दप्तरात, म्हणून तो सरकारनेच मोडायचा. हेही विधेयक तेव्हा संमत झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा आला १९४९ साली.

आता तारखा लक्षात घ्या. १९२८ला वतन, १९३७ला खोती. दोन्ही ठिकाणी कायदेमंडळ आणि ॲबॉलिशनची वाट. या दोन तारखांच्या मध्ये, १९३६च्या मे महिन्यात, एक छोटे पुस्तक छापले गेले. त्याच्या नावासाठी ॲबॉलिशन हा हाताशी असलेला, सवयीचा, सुधारकांच्या तोंडचा शब्द बाबासाहेबांनी घेतला नाही.

त्याची हकीकत अशी. लाहोरचा जात-पात-तोडक मंडळ ही बहुतांशी सवर्ण हिंदू सुधारकांची संस्था. संतराम हे त्यांचे पुढारी. डिसेंबर १९३५ मध्ये त्यांनी बाबासाहेबांना वार्षिक परिषदेचे अध्यक्ष होण्याची विनंती केली. दोनच महिन्यांपूर्वी, १३ ऑक्टोबरला, येवल्याची घोषणा झाली होती, हे मंडळाला माहीत होते. भाषण लिहून झाले, मुंबईत छापूनही झाले. मंडळाचे हर भगवान यांनी मजकूर पाहिला आणि १४ एप्रिल १९३६ला पत्र पाठवले. जात तोडायला मंडळाची हरकत नव्हती, ते तर नावातच होते. हरकत होती ती वेद आणि शास्त्रांना हात लावण्याला. तेवढा भाग गाळावा असे त्यांचे म्हणणे. बाबासाहेबांनी २७ एप्रिलला उत्तर दिले : स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. परिषद रद्द झाली. भाषण झालेच नाही, आणि बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने पुस्तक म्हणून काढले. १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या.

भांडण कशावरून झाले, हे नीट बघितले की दोन शब्दांमधले अंतर समजते. जात ही विटांची भिंत किंवा काटेरी तार असती तर ती पाडता आली असती, पण ती मनात बसलेली धारणा आहे, असा त्या भाषणाचा गाभा आहे. धारणेला पवित्र ग्रंथांचा आधार आहे. लोक जात पाळतात ते वाईट आहेत म्हणून नव्हे, ते धार्मिक आहेत म्हणून. तेव्हा ज्या ग्रंथांनी ही धारणा पोसली त्यांचे पावित्र्यच संपवले पाहिजे. सहभोजनाने हे होणार नाही. पोटजाती मोडून तर उलट मोठ्या जाती अधिक बळकट होतील. आंतरजातीय विवाह हा खरा उपाय, पण तोही लोक करणार नाहीत, जोवर शास्त्राचा धाक मनातून जात नाही तोवर. मंडळाला हातातली फांदी तोडायची होती. बाबासाहेब जमिनीखाली बोट दाखवत होते.

याच भाषणात पुरोहितांचा प्रश्न येतो आणि तिथे सूर बदलतो. पुरोहिताचा धंदा ॲबॉलिश झाला तर उत्तम, असे बाबासाहेब म्हणतात. ते जमत नसेल तर निदान तो वंशपरंपरेने चालू नये, सरकारने परीक्षा घ्यावी, सनद द्यावी, पुरोहितांची संख्या ठरवून द्यावी. परीक्षा, सनद, संख्या ही सगळी सरकारच्या हातातली साधने, आणि क्रियापदही तसेच.

मात्र बाबासाहेबांनी दोन शब्दांमध्ये पक्की रेघ मारली होती आणि ती कधीच ओलांडली नाही, असे कुणी छातीठोकपणे सांगू लागला तर तेही चूक आहे. त्याच भाषणात जातीच्या संदर्भात ॲबॉलिश हे क्रियापदही येते, मोडणे येते, उद्ध्वस्त करणे येते. बोलताना शब्द पालटतात. आपल्या बाजूचा पुरावा आहे त्याहून मोठा करून सांगण्याची सवय आपल्या काही व्याख्यात्यांना आहे आणि तिने आपलेच नुकसान होते. आमचा मुद्दा एवढाच : सबंध विचाराला नाव देण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी ॲनायहिलेशन निवडला, आणि कायद्याचे कलम लिहायची वेळ आली तेव्हा ॲबॉलिशन.

कलमाचा पुरावा अधिक भक्कम आहे. मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी संविधान सभेसाठी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. त्यातल्या मूलभूत हक्कांच्या अगदी पहिल्या कलमात जन्म, दर्जा, कुटुंब, धर्म, रूढी यांतून येणारा प्रत्येक विशेषाधिकार आणि प्रत्येक अपात्रता ॲबॉलिश करण्यात येत आहे, असे म्हटले आहे. जात ॲबॉलिश केली, असे ते कलम म्हणत नाही. जातीमुळे एकाला मिळणारा अधिकार आणि दुसऱ्यावर लादलेली बंधने रद्द होतात. या दोन्ही गोष्टी कायद्याच्या तावडीत सापडतात. जात स्वतः सापडत नाही.

२९ एप्रिल १९४७ला संविधान सभेत वल्लभभाई पटेलांनी मूलभूत हक्कांचा अंतरिम अहवाल मांडला, त्यात अस्पृश्यता नष्ट करण्याचे कलम होते. त्या दिवशी बंगालचे प्रमथ रंजन ठाकूर उठले. मतुआ परंपरेतला हा नामशूद्र पुढारी. अस्पृश्यता हे रोगाचे लक्षण आहे, रोग जातिव्यवस्था आहे, जातच ॲबॉलिश केल्याशिवाय अस्पृश्यता कशी ॲबॉलिश करणार, असा त्यांचा सरळ सवाल होता. आपल्या इतिहासात ठाकुरांच्या या भाषणाची आठवण फारशी कुणी काढत नाही, काढायला हवी. पुढे २९ नोव्हेंबर १९४८ला मसुद्यातले कलम ११, म्हणजे आजचा अनुच्छेद १७, सभेपुढे आले. नझिरुद्दीन अहमद यांच्या दुरुस्तीत धर्म किंवा जात यांच्या कारणाने कुणालाही अस्पृश्य मानू नये, अशी शब्दयोजना होती. ती मान्य झाली नाही. ‘अस्पृश्यता’ हा शब्द अवतरणचिन्हांत राहिला, त्याची व्याख्या केली गेली नाही, आणि जात हा शब्द त्या कलमात आलाच नाही. कलम संमत होताच सभागृहात ‘महात्मा गांधी की जय’ अशी घोषणा झाली. जयजयकार कुणाचा झाला, याची इतिहासाने नोंद ठेवली आहे. त्यावर आम्ही वेगळे भाष्य करत नाही.

मग ठाकुरांचा सवाल उरतोच. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते, तर ‘जात नष्ट करण्यात येत आहे’ असे एक वाक्य त्यांनी का घातले नाही?

समजा घातले असते. उद्या तुमच्यावर जातीमुळे अन्याय झाला आणि तुम्ही कोर्टात गेलात, तर समोरचा वकील विचारील, कसली जात? या देशात जात कायद्याने अस्तित्वातच नाही. अनुच्छेद १५ जातीच्या कारणाने भेदभाव करू नये म्हणतो, अनुच्छेद ३४१ अनुसूचित जातींची यादी करायला सांगतो, १९८९चा ॲट्रॉसिटी कायदा पीडिताची जात विचारतो. हे सगळे कोसळले असते. मात्र सोयरीक जुळवताना, भाड्याने खोली देताना, स्मशानात प्रेत नेताना जात पूर्वीइतकीच धडधाकट राहिली असती, कारण तिचा हुकूमनामा राज्याने काढलेला नव्हता. तिचे वतन दिल्लीने किंवा मुंबईने दिले नव्हते, की दिल्लीने किंवा मुंबईने ते खालसा करावे.

गुलामगिरीच्या इतिहासाने हा धडा आधीच दिला होता. हिंदुस्थानात १८४३च्या कायद्याने गुलामावरचा मालकी हक्क कोर्टांनी मानायचा नाही असे ठरले. अमेरिकेत १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या त्या मुक्तिदात्या लोकांना अर्पण केला, तो याच आनंदात. पण तिकडे दहा-बारा वर्षांत दक्षिणेतल्या राज्यांनी मुक्त झालेल्या काळ्या माणसाला पुन्हा जखडायला सुरुवात केली. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९३५ साली, म्हणजे बाबासाहेबांच्या पुस्तकाच्या एकच वर्ष आधी, या काळाचा मोठा इतिहास लिहिला. गुलामाला जमीन, शाळा आणि सत्तेत वाटा मिळाल्याशिवाय ॲबॉलिशन अपुरे आहे, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांनी तो शब्द टाकला नाही, त्याचा अर्थ वाढवला. बाबासाहेबांनी वेगळा शब्दच घेतला. दोघांना दिसलेली उणीव मात्र एकाच जातीची आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डू बॉइसना पत्र लिहिले तेव्हा अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतले साम्य त्यांनी आवर्जून नोंदवले.

आता आजच्या ‘जात काढून टाका’वाल्यांकडे वळू. त्यांचा प्रयोग या देशात दोनदा करून झाला आहे, एवढे त्यांना सांगितले तरी पुरे.

पहिला प्रयोग जनगणनेचा. १९३१ पर्यंत सर्व जाती मोजून त्यांचे आकडे छापले जात. १९५१ पासून अनुसूचित जाती-जमाती वगळता इतरांची जात मोजणे बंद केले. कागदावरून सवर्णांची जात गेली. सत्तर वर्षांहून अधिक काळ गेला, पण कुठल्या जातीकडे किती जमीन, किती पदे, किती कंपन्या, याचा हिशेब मागता येऊ नये, एवढाच त्याचा परिणाम झाला. पुढच्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय केंद्र सरकारला ३० एप्रिल २०२५ला घ्यावा लागला.

दुसरा प्रयोग आपल्यावरच झाला. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला. बाबासाहेबांच्या दृष्टीने ती शास्त्राच्या धाकातून बाहेर पडण्याची वाट होती. १९३६च्या पुस्तकात जे काम हिंदूंना करायला सांगितले होते ते हिंदू करणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. तर केंद्र सरकारने काय केले? बौद्ध झालात, आता तुम्ही अनुसूचित जातीचे नाही, केंद्राच्या सवलती बंद. दप्तरातून जात खालसा. गावात मात्र पाणवठा तोच, वस्ती तीच, शिवी तीच. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे एका समाजाची जात सरकारी कागदावर ‘नष्ट’ झालेली होती. त्या चौतीस वर्षांत किती मुलांच्या नोकऱ्या गेल्या, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

जात नष्ट झाल्याचे ओळखायचे कसे, याचे माप बाबासाहेबांनीच देऊन ठेवले आहे : लग्न. २०११-१२च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात जातीबाहेर लग्न केल्याचे सांगणारे सुमारे ५ टक्के निघाले. त्याच सर्वेक्षणात सुमारे २७ टक्के कुटुंबांनी आपण कोणत्या ना कोणत्या स्वरूपात अस्पृश्यता पाळतो, असे स्वतःच्या तोंडाने सांगितले. म्हणजे जी गोष्ट २६ जानेवारी १९५०ला ॲबॉलिश झाली ती बासष्ट वर्षांनी चौथाईहून अधिक घरांत जिवंत होती. तरीही अनुच्छेद १७ फुकट गेला असे आम्ही म्हणणार नाही. तो नसता तर १९५५चा अस्पृश्यता गुन्हे कायदा नसता आणि १९८९चाही नसता, आणि ज्याला आज चोरून किंवा आडून करावे लागते त्याला ते उजळ माथ्याने करता आले असते. ॲबॉलिशन हवेच. त्याने जुलूम करणाऱ्याचा हात धरता येतो.

आणि तो ५ टक्क्यांचा आकडा फक्त सवर्णांचा नाही. बौद्ध वधू-वर सूचक मेळाव्यांत पोटजात विचारली जाते. धर्म बदलला, घरातली देव्हाऱ्याची जागा बुद्धमूर्तीने घेतली, पण मातंग, चर्मकार किंवा वाल्मीकी घरातली सून आली तर माना वळतात. समोरच्याला ॲनायहिलेशनचा अर्थ समजावून सांगायला निघालेल्या कार्यकर्त्याला या प्रश्नाची तयारी ठेवावी लागेल, कारण तो विचारला जाणारच.

दाखल्याच्या वादात आम्ही सुचवतो ते उत्तर असे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा जातीचा रकाना हा जातीचा जन्मदाता नाही, तिची नोंद आहे. नोंद पुसायची तयारी आमचीही आहे, फक्त क्रम उलटा हवा. आधी आडनाव न विचारता भाड्याने खोली द्या, गटारात उतरणारा माणूस दुसऱ्या जातीचा असू द्या, मंदिरातला पुजारी परीक्षा घेऊन नेमा. १९३६चे पुस्तक त्यासाठी तयारच आहे. ‘मराठा, ब्राह्मण, ९६ कुळी’ अशा जाहिराती रविवारच्या वर्तमानपत्रातून बंद होऊ द्या. मग त्या रकान्यासमोर काय लिहायचे ते बसून ठरवू.

अभ्यासवर्गात हे पुस्तक लावणाऱ्यांना एक विनंती. मराठी भाषांतराबरोबर इंग्रजी मूळही समोर ठेवा आणि जिथे ‘निर्मूलन’, ‘नष्ट’, ‘उच्चाटन’ असे शब्द येतील तिथे मुळात कोणता शब्द आहे, ते पेन्सिलीने समासात लिहा. भाषण लहान आहे, दोन-तीन बैठकांत हे होते. त्यानंतर मंडळाशी झालेला पत्रव्यवहार वाचा. तो पुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेला असतो आणि बहुतेक जण तो ओलांडून पुढे जातात.